मटणाची दुसरी वाटी

खारबावला नणंदेकडच्या हळदीत बुधाने मटणाची दुसरी वाटी मागितली, तसा देवकीच्या अंगाचा तिळपापड झाला. एचआयव्ही दोघांना, गोळ्याही एकाच डबीतल्या. पण त्या गोळ्यांनी पोट बिघडलं ते हिचंच. नवऱ्याने आणलेला आजार हिने ताकभातावर भोगायचा आणि त्याने वडे हाणायचे! “वहिनी, आमचं मटण गोड न्हाय लागत का?” नणंदेने टोमणा मारला. “तिच्या वाटचं मी खातो ना,” बुधा हसला. जेवणानंतर पोटात कळ आली, तशी देवकी तांब्या घेऊन मांडवामागच्या संडासाकडे धावली. दार बंद होतं. आत कोणी ओकत होतं. घामाने भिजलेला बुधा बाहेर आला. “तुलाबी?” तिने विचारलं. “दर हळदीला. दोघंबी न्हाय जेवलो, तर लोक इचारतील ना?” देवकीला आधी बरं वाटलं, मग लाज वाटली. स्वतःसाठी बरोबर आणलेली मीठसाखरेच्या पाण्याची बाटली त्याला देऊन ती आत शिरली.