डोक्यावरची पावलं

नव्या भाडेकरीण बाईंनी घरमालकाच्या नाकी नऊ आणले होते. आधी नळ गळत होता, मग खिडकीची कडी लागेना, आणि आता म्हणे डोक्यावर रोज कोणीतरी चालतं! डोक्यावर तर नुसती गच्ची होती. तिची किल्ली मालकाच्याच खिशात. वाऱ्यालासुद्धा त्याला विचारूनच वर जावं लागलं असतं.

"मी वर चालतो, तुम्ही खालून ऐका," म्हणत तो भर दुपारी काठी टेकत वर गेला. गच्ची रिकामी होती. दार लावून घेऊन त्याने एक फेरी मारली आणि कठड्याशी थांबला.

"पटलं का, बाई?"

"तुमची काठी ओळखली," बाई खिडकीतून म्हणाल्या. "तुम्ही थांबलात, तेही कळलं. पण काका, तुमच्या मागचा अजून थांबलेला नाही."