धाकटीचं दुखणं

"दुपार टळली की हातात जीवच राहत नाय, डॉक्टर," आशा म्हणाली.

शेजारच्या स्टुलावर सविताने नाक मुरडलं. आली मोठी नाजूक!

येवल्याहून दुपारच्या एसटीनं धाकट्या जावेला घेऊन ती नाशिकला आली होती, ते काही मायेनं नाही. मोठा डॉक्टर हिचं नाटक उघडं पाडताना तिला डोळ्यांनी बघायचं होतं. दोघी एकाच मागावर पैठणी विणायच्या. वर्षापूर्वी सविताच्या नक्षीत चुका व्हायला लागल्या, आणि सासूबाईंनी पदरावरचे मोर आशाला दिले. तेव्हापासून सविताचा नुसता जळफळाट चालला होता. आशा एकदा कामचोर ठरली, की पदर पुन्हा आपलाच!

नंबर लावला आशानं, संध्याकाळची वेळ मागितली आशानं, केसपेपरही भरला तिनंच. सविताने ढुंकून पाहिलं नाही.

"आणखी काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकर चावता चावता जबडा दमतो. दिवेलागणीला एका धाग्याचे दोन दिसतात. एक डोळा मिटला की मग नीट."

अगं बाई! एवढं तर मलाही होतं, सविताला वाटलं. मी सांगत सुटते का गावभर? हिला दुखणंसुद्धा माझंच हवं!

"अशक्तपणाची कारणं पुष्कळ," डॉक्टर म्हणाले. "थायरॉईड, नसा, स्नायू. पण सकाळी बरं आणि दिवस चढेल तसं वाढत जाणारं दुखणं वेगळं. वर पंख्याकडे बघा. पापणी खाली आणायची नाही."

"मी पण बघते की! त्यात काय एवढं?" सविता उसळली.

"बघा," म्हणत त्यांनी घड्याळ समोर धरलं.

मिनिट गेलं. सविताने हळूच शेजारी पाहिलं. आशाचे डोळे टक्क उघडे! सापडली! सविताने आनंदानं पुन्हा वर नजर लावली, तर एका पंख्याचे दोन झाले होते. उजवी पापणी कितीही ताणली तरी खालीच येत होती.

"हेच ते," डॉक्टर तिच्याकडे बघत म्हणाले. "रक्त तपासून खात्री करू. गोळ्यांनी आटोक्यात येईल. हात चालतील पुन्हा."

"मला काय सांगताय? पेशंट ही हाय!"

आशाने मान खाली घातली. डॉक्टरांनी केसपेपर फिरवून पुढे सरकवला.

सविताने एक डोळा मिटला आणि वरचं नाव वाचलं.

'सविता भिकन. वय चौतीस.'