या सोमवारचं लर्निंग

नव्या मॅनेजरांनी कारखान्यात 'चूक' या शब्दाला बंदी घातली होती. बिनसेल त्याला 'लर्निंग' म्हणायचं, आणि ज्याचं बिनसलं त्याने सोमवारी सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं.

पत्रा दाबायच्या मशीनवरचा प्रेसवाला दवाखान्यातून थेट मीटिंगला आला. बसून करायचं कसलंही काम मिळालं तरी त्याला चालणार होतं.

"बोला काका, तुमचं लर्निंग काय?"

"साहेब, मशीनची काढलेली जाळी परत बसवा. ती असती तर हात गेला नसता."

"ही तक्रार झाली. तुम्ही स्वतः काय शिकलात?"

प्रेसवाल्याने रिकामी बाही खिशात खोचली.

"डाव्या हाताने सही करायला."

"वा, काका." साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, इतरांनाही वाजवायला लावल्या, आणि राजीनाम्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला.