पुलावरचा वारा

"मान हलवू नकोस, बोलूही नकोस. कान तुझा आहे, पण कात्री माझी आहे."

लहानपणी उंच खुर्चीवर आडवी फळी टाकून बाबा तिला बसवायचे आणि मागून हा आवाज यायचा. आज खुर्चीत बाबा होते आणि मागे ती. तोंड उघडायची परवानगी मात्र आजही तिला नव्हती.

कचेरीचा नियमच तसा. कॉम्प्युटरचा नवा खेळ बाहेर जाण्याआधी कुणा नवख्याला खेळायला बसवायचं. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. बनवणाऱ्याने मागे वही घेऊन बसायचं; समोरचा अडला, चुकला, पडला, तरी हूं की चूं करायचं नाही. आजचा ठरलेला माणूस आलाच नाही. जन्मात कॉम्प्युटरवर खेळलेला नाही असा माणूस तासाभरात आणायचा कुठून? ती उठली आणि बाबांना सलूनमधून घेऊन आली.

"सतत बोलत राहायचं हं, काका," चाचणी घेणारी मैत्रीण म्हणाली.

"मला सांगताय, मॅडम? पस्तीस वर्षं धंदाच तो आहे. केस कापणं आपलं जोडीला."

पडद्यावर उजाडलं. डोंगरामागे डोंगर, डोंगराच्या कुशीत गाव, आणि गावाला शाप: शंभर वर्षं कुणाचा डोळा लागलेला नाही. बाबांनी योद्धा घेतला नाही, जादूगार घेतला नाही. जडीबुटीवाली म्हातारी घेतली. "हिला निदान चार माणसं घरात घेतील."

मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. अक्षरं मुंगीएवढी. झोळीतून एक मुळी काढायला चार बटणं, "तोवर रोगी दगावला की हो." आणि शंभर वर्षं जागं असलेलं गाव, पण एकाचेही केस वाढलेले नाहीत? "ही चूक मोठ्या अक्षरांत लिहा."

मैत्रीण लिहीत होती. मागे ती हसू दाबत होती.

दुसऱ्या गावातल्या लोहाराने भाता थांबवून विचारलं, हरवलेली शेळी शोधून देणारी तीच ना तू? बाबा खुर्चीत सरसावून बसले.

"याला कसं कळलं? शेळी तर मागच्या गावातली! वा, पोरी. बातमी फिरते तुझ्या खेळात. अगदी माझ्या सलूनसारखी."

तिने हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग पूल आला.

पूल तिचा होता. तो सोपा कर म्हणून महिनाभर सगळे तिच्या मागे लागले होते आणि ती हटली नव्हती. अख्ख्या खेळात एकच पूल आहे, तो कमावूनच ओलांडायचा. पायाखालची फळी निखळायच्या आत पुढच्या फळीवर नजर रोखून बटण दाबायचं, पापणी लवते न लवते एवढा वेळ. चुकलं की दरी, आणि पुन्हा अलीकडच्या शेकोटीपाशी. पूल राहणार की बदलणार, ते आजच्या चाचणीवर ठरणार होतं.

"गेली म्हातारी," बाबा म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा गेली. पुन्हा. पाचव्यांदा पडल्यावर त्यांनी बाह्या दुमडल्या.

"वारा फार सोडलाय पुलावर. बघा ना, हिची नजर ठरतच नाही कुठे."

मैत्रिणीने लिहून घेतलं: पुलावर वारा जास्त.

मागे तिचं पेन थांबलं. गवतात वारा होता, दरीत होता, शेकोटीच्या धुरात होता. पुलावर नव्हता. पुलावर तिने तो घातलाच नव्हता.

ती खुर्चीतून किंचित वाकली. बाबांनी कोपरं बरगड्यांत रुतवली होती आणि हातातला खेळाचा रिमोट पोटाशी घट्ट दाबून धरला होता. तरी नजर फिरवायच्या दांडीवरचा उजवा अंगठा ऐकत नव्हता. तो थरथरला की पडद्यावर म्हातारीची नजर थरथरत होती.

"बा..." एवढं तिच्या तोंडून निघालं. मैत्रिणीने ओठांवर बोट ठेवलं.

"पुन्हा," बाबा म्हणाले.

आठ. नऊ. दहा. बडबड बंद झाली होती. अकराव्यांदा पलीकडच्या काठावरचं गवत दिसलं, गवतातली पिवळी फुलं दिसली, दोन फळ्या उरल्या. आणि म्हातारी गेली.

वेळ संपली. मैत्रिणीने कागद पुढे ओढला. "काका, शेवटचा प्रश्न. पूल सोपा करायचा का?"

"मुळीच नाही."

मैत्रिणीने कागदावरून मान वर केली.

"पूल चांगला आहे. पलीकडची फुलं बघितली ना, तर परत परत पडावंसं वाटतं, असा आहे. तो आहे तसा राहू दे. पण खालून एक वाट द्या, नदीतून. दगडधोंड्यांची असू दे, तीन दिवस लागू देत. वाट पाहिजे."

"पण तुम्हाला कशाला हवी ती वाट?" मैत्रीण हसली. "दोनच तर फळ्या उरल्या होत्या. आणखी चारदा खेळला असतात तर गेला असतात पलीकडे."

बाबांनी रिमोट टेबलावर ठेवला. मग त्याच्या शेजारी उजवा हात ठेवला, उघडा, आणि या वेळी पोटाशी दाबून धरला नाही. पडद्यावर शेकोटी जळत होती. मागे न वळता ते लेकीशी बोलले.

"सात महिने झाले, पोरी. मी कुणाच्या गळ्याला वस्तरा लावलेला नाही."