बँडसॉचा नवा टायर

"मशीनचा दोष नाही, बाबा. टायर झिजला होता," म्हणत वैजयंतीने बँडसॉच्या, म्हणजे दोन चाकांवर पट्टीसारखं पातं फिरवून लाकूड कापणाऱ्या करवतीच्या, चाकावरचं तडकलेलं रबर सोलून काढलं. त्याच रबरावरून पातं घसरलं आणि तिच्या सासऱ्यांची, दत्तारामांची, दोन बोटं गेली होती. तेव्हापासून त्यांचा लाकडी खेळण्यांचा कारखाना बंद होता, आणि आता ते मशीन विकायला निघाले होते.

तिने नवा टायर कढत पाण्यात टाकून मऊ केला आणि चाकावर ताणून चढवायला घेतला. एका बाजूने बसवला की दुसरीकडून निसटायचा.

"अगं, असा नव्हे!" न राहवून दत्ताराम उठले आणि त्यांनी आपला अधू हात टायरवर गच्च दाबून धरला. उरलेला भाग तिने ओढून बसवला.

पातं लावून तिने बटण दाबलं. चाकं फिरू लागली, पातं मधोमध धावत राहिलं. दत्ताराम आधी जरा मागे सरले. मग पुढे येऊन त्यांनी एक फळी सुनेच्या हातात दिली.

"उभी राहा इथे. हात कुठे न्यायचा नाही, हे माझ्याइतकं चांगलं कोण शिकवणार?"