दोक्सूसाहेबांची कामं

बुसान बंदराजवळच्या त्या मालवाहतूक कंपनीत कामाच्या नोंदींसाठी पुन्हा एक नवं ॲप आलं आणि दोक्सूसाहेबांनी हात टेकले. गोदीत अडकलेला कंटेनर ते एका फोनवर सोडवत, पण झालेलं काम ॲपमध्ये 'पूर्ण' म्हणून हिरवं करणं त्यांना काही केल्या जमेना. ज्यांच्या नावापुढे अपूर्ण कामांचं लाल साचेल, त्यांना कंपनी घरी पाठवणार होती, आणि साहेबांच्या मुलीचं लग्न तर तोंडावर आलेलं.

शेजारी बसणाऱ्या ह्येरिमला ते बघवेना. नवखी होती तेव्हा त्यांनीच तिला सांभाळून घेतलं होतं. त्यांचा पासवर्डही तिनेच लावून दिलेला, म्हणून रोज संध्याकाळी ती कुणाला न सांगता त्यांची कामं हिरवी करू लागली. त्या गडबडीत तिच्या स्वतःच्या नोंदी मात्र मागे पडत गेल्या.

शेवटी मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं.

"त्या दोक्सूंकडे बघ जरा! या वयात एकही लाल नाही. आणि तू? उद्यापासून येऊ नकोस."

ह्येरिमने तोंड उघडलं. काचेपलीकडे दोक्सूसाहेब हसत हसत सगळ्यांना लग्नपत्रिका वाटत होते. ती मान डोलावून बाहेर आली.

ती खोक्यात सामान भरत असताना दोक्सूसाहेब तिच्यासाठी कागदी कपातून कॉफी घेऊन आले. त्यांचे डोळे भरले होते.



"अगं वेडे, मला विचारायचंस तरी! माझं तर सगळं आपोआप हिरवं होतं."