पगारावरची जप्ती

अग्निशमन दलातला सर्जेराव जळत्या घरात बेधडक शिरायचा, पण आज नगरपालिकेच्या पगार विभागात तो घाम पुसत उभा होता. बुलेटसाठी काढलेलं कर्ज थकल्यामुळे कोर्टाने त्याच्या पगारावर जप्ती आणली होती.

"सगळा पगार जाणार का, मॅडम?"

"नाही हो," पगार बघणाऱ्या कुंदाताई म्हणाल्या. "घर चालण्यापुरतं कोर्ट सोडतं. दरमहा फार तर तिसरा हिस्सा कापून आम्ही कोर्टात भरू."

"पण बायकोला वाटतंय, मी बुलेट रोखीने घेतली."

"तिथे कोर्ट वाचवत नाही. आत्ताच फोन करा."

त्याने चाचरत सगळं सांगितलं.

"बुलेट विकून टाका," बायको पलीकडून म्हणाली. "पण त्याआधी मला एकदा तिच्यावरून फिरवून आणा."